फोनवरून पैसे द्यायला तुम्ही कशामुळं लागलात?

काल मोंढ्यात शेंगावाल्या मावशीनं माझं दहाचं नाणं परत दिलं, "हे चालत नाही बाबा, फोनवरून टाक." रिझर्व्ह बँक कितीबी सांगू दे, आमच्या परभणीत नाही म्हणजे नाही. तर मी ह्या नादाला लागलो ते सुट्ट्यापायी. तुमचं लिहा. नोटबंदीवर थांबू नका, तेव्हा सगळेच लाईनीत होतो.

किराणावाला, लातूर
भीम ॲप आलं तेव्हाच घेतलं होतं, २०१६ च्या डिसेंबरात, पण गिऱ्हाईकच नव्हतं म्हणून काढून टाकलं. लॉकडाऊननंतर पोरं विचारायला लागली स्कॅनर हाय का, नाही म्हणलं की शेजारच्या दुकानात, मग काय लावला. तरी भरवसा नव्हता, गर्दीत कोण स्क्रीनशॉट दाखवून गेलं कळायचं नाही, एकदा रात्री हिशोबाला १८० रुपये कमी. पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा आणला तेव्हा जिवाला शांती. आता पाठमोरा साखर जोखत असलो तरी कानावर येतं, आन् आमच्या आईला तर वाचता येत नाही, ती डब्याच्या आवाजावर गल्ला सांभाळते.

बीडकर
आमचे बप्पा ऊसतोडीला कोल्हापूरकडं, बहीण संभाजीनगरला होस्टेलवर. मेसचे पैसे कुणाच्या हाती पाठवायचे ह्याचीच दरवेळी कटकट. दसऱ्याला गावात होते तेव्हा तीन रात्री बसून तिनं शिकवलं, बप्पा आकडे ओळखतात, अक्षरं नाही, तर ॲप रंगावरून आन् तिचं नाव फोटोवरून. पिन ठेवला बैलजोडी घेतलेलं साल (आता बदललाय, कामाला लागू नका). पहिल्यांदा एक रुपया टाकला आन् लगेच फोन, "आला का गं?"

नांदेडहून
मी नाही वापरत. मेव्हण्याला फोन आला, पैसे जमा करायचेत, पिन टाका. टाकला, चार हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे त्याला नंतर पोरानं सांगितलं. ॲप टाकून देणारे लई, एवढं एक वाक्य सांगणारं कुणी नाही.

जालना, रोजचा एसटीवाला
कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचा, उतरायच्या घाईत माझे कितीदा ७-८ रुपये राहिलेत. मशीनवर स्कॅन करून द्यायची सोय आली आन् मी त्याच दिवशी सुरू केलं. फक्त आमच्या फाट्याला रेंज नाही. तिथून बसलो की परत तिकीट उलटं करून सात रुपये.