मदत हवी आहे: एमराल्ड ट्री बोआची मादी गाभण आहे की आजारी?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासात राहतो. घरी एमराल्ड ट्री बोआ या झाडावर राहणाऱ्या हिरव्या सापांची जोडी आहे, दोघंही गयानाकडच्या कॉरॅलस कॅनिनस जातीची. (ॲमेझॉन खोऱ्यातली कॉरॅलस बेट्सी २००९ पासून वेगळी जात मानतात, म्हणून जोडी जुळवताना हे बघितलंच पाहिजे.) हिवाळ्यात रात्रीचं तापमान थोडं उतरवलं, पाण्याचा फवारा वाढवला आणि मीलन झालं. आता मादी उंदराकडे ढुंकून बघत नाही, सारखी दिव्याखालच्या फांदीवर वेटोळं घालून बसलेली असते. गाभण असेल, की पोटाचं काही? या सापांना उलटीचा त्रास लवकर होतो. सोनोग्राफीला न्यावं, की आत्ता हात न लावलेलाच बरा? आणि पुढे होणारी पिल्लं (जन्मतः ती लाल-केशरी असतात) पहिलं भक्ष्य घेईनात तर काय करता? ज्यांनी पिल्लं जगवली आहेत त्यांनी सांगा, ऐकीव सल्ले पुष्कळ झाले.