घाण्याचं खोबरेल, खेचणारे गाल आणि कपाळावरच्या पुळ्या

म्हापशाच्या बाजारातलं घाण्याचं खोबरेल रोज रात्री लावूनही गाल खेचतात, वर कपाळावर बारीक पुळ्या, असं विचारलंय. दोन्ही एकदम होऊ शकतं. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं अडवतं. कोरड्या चेहऱ्यावर चोपडलं तर अडवायला उरतंच काय? तोंड धुतल्यावर टॉवेलने नुसतं टिपा. ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइडचं (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) साधं मॉइश्चरायझर, त्यावर 2-3 थेंब तेल तळव्यांत पसरून गालांवर दाबा. चोळायचं नाही. कपाळ आणि नाक सोडून द्या.

पुळ्या खाजत असतील आणि सगळ्या एकाच मापाच्या दिसत असतील, तर ती मुरमं नसून मालासेझिया बुरशी असू शकते. ही तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसते, आणि गोव्यातला जून-जुलैचा दमटपणा म्हणजे तिची चंगळच. अशा वेळी सगळी तेलं बंद, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

बुरशी नसेल तर खोबरेलाऐवजी लिनोलेइक आम्ल (एक स्निग्धाम्ल) जास्त असलेलं सूर्यफूल किंवा करडईचं तेल बघा. बाटलीवर 'हाय ओलेइक', म्हणजे ओलेइक आम्ल जास्त, असं लिहिलेलं नको. ऑलिव्ह तेल 'सौम्य' म्हणून खपतं खरं, पण त्यातलं ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या थराची वीण सैल करतं. लिनोलेइकवाली तेलं मात्र लवकर खवटतात, म्हणून 30 मिलीची गडद बाटलीच घ्या. पापड तळून उरलेल्या जुन्या तेलासारखा वास आला की टाकून द्या.

सकाळी तेल नको, त्यावर सनस्क्रीन नीट बसत नाही.