घरात जिवंत शेवाळ जगवायचंय, पण काथ्यावर बुरशी येतेय. मदत हवी आहे

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या घराचा जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत) गेल्या महिन्यात पाडला. त्यावर दर पावसाळ्यात येणारं मखमली शेवाळ (मॉस) मी लहानपणापासून बघत आलेय. गडी दगड उचलायला लागले तेव्हा राहवेना. ओंजळभर तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणले. रानातलं काही ओरबाडलेलं नाही.

प्लॅस्टिक, थर्माकोल वापरायचं नव्हतं. म्हणून बांबूच्या जुन्या सुपात नारळाच्या सोडणांचा काथ्या पसरला आणि मैद्याच्या खळीने शेवाळ त्यावर चिकटवलं. सूप हॉलमध्ये टांगलंय, खिडकीपासून बरंच आत. दोन वेळा नळाचं पाणी फवारते.

आज 18 दिवस झाले. खळ लागली तिथे पांढरी बुरशी आहे, कडेची टोकं तपकिरी पडलीत. मधला तळहाताएवढा भाग मात्र हिरवागार आहे. तेवढा तरी वाचेल का? काय चुकतंय?

प्रतिसाद १
खळ काढा, बुरशीला तेच खाद्य मिळतंय. शेवाळाला खरी मुळं नसतात. खालचे बारीक तंतू फक्त धरून ठेवायला असतात, पाणी ते पानांतूनच घेतं. त्यामुळे चिकटवायची गरजच नाही. ओल्या काथ्यावर घट्ट दाबा आणि सुती दोऱ्याने सैलसर बांधा. दोरा कुजेपर्यंत बहुधा शेवाळाने पकड घेतलेली असेल. सूप काही दिवस आडवंच ठेवा.

काथ्या कुठला? सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवून काढलेला असेल तर त्यात मीठ राहतं. पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवून घ्या.

प्रतिसाद २
तपकिरी भाग लगेच फेकू नका. गडग्यावरचं शेवाळ उन्हाळाभर सुकूनच असतं की, पहिल्या पावसात परत हिरवं होतं. नळाच्या पाण्यातले क्षार मात्र पानांवर साठत जातात. पावसाचं पाणी धरून ठेवा. आणि उजेड हवाच! पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा, दुपारचं ऊन लागू देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काथ्या खाडीकाठच्या गावातून आणलाय, म्हणजे मीठ असणारच. आत्ताच बादलीत भिजत घातला. तोवर शेवाळ ओल्या फडक्यावर पूर्वेच्या खिडकीत ठेवलंय, आणि गच्चीत पावसाखाली पातेलं. खळ लागलेले तुकडे नुसते धुऊन चालतील, की तेवढा भाग कापून टाकू?