दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर चारपैकी एकाच व्रणाचा त्रास : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. पित्ताशयात खडे झाल्यामुळे माझी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, त्याला आता दीड महिना होत आला आहे. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले, उजव्या खांद्यात भरून राहिलेला ठणका तीन-चार दिवसांत आपोआप गेला आणि नेहमीचे जेवणही पहिल्या आठवड्यातच सुरू झाले. प्रश्न आहे तो पोटावरच्या चार व्रणांपैकी एकाचा. त्याबद्दल घरात, शेजारी आणि औषधांच्या दुकानात इतकी वेगवेगळी मते ऐकायला मिळाली की, ज्यांना याचा अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनाच विचारावे असे ठरवले.

व्रणांची स्थिती शक्य तितकी नेमकी सांगते. उजव्या बरगडीखालचे दोन व्रण तांदळाच्या दाण्याएवढे आहेत आणि ते जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. बेंबीच्या वरच्या कडेचा व्रण घडीत लपला आहे. तो वरून सपाट आहे, पण बोटाने दाबले की आत काहीतरी कडक लागते. चौथा व्रण छातीच्या हाडाच्या खाली, पोटाच्या मधोमध, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा आहे. टाके काढले तेव्हा चौघांत तोच सर्वांत स्वच्छ दिसत होता. गेल्या दोन आठवड्यांत मात्र तो हळूहळू फुगला, त्याचा रंग जांभळट झाला, भोवतालची त्वचा ताणून चकाकू लागली आणि अधूनमधून खाज सुटू लागली. या आठवड्यात तर कुर्त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर पाण्याचा लहानसा डाग दोनदा आढळला. ताप नाही, वास नाही. दाबल्यावर थोडे हुळहुळते, एवढेच.

माझ्या डाव्या दंडावर बीसीजी लशीच्या जागी जाड, वर आलेला व्रण लहानपणापासून आहे. तो केलॉइड असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी पूर्वी सांगितले होते. त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पोटावरचाही केलॉइडच वाटतो आणि त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे असे त्यांचे मत आहे. औषधांच्या दुकानदाराने खाज, बुरशी आणि जंतू अशा तिन्हींवर चालणारी म्हणून एक ट्यूब पुढे केली. शेजारच्या काकू व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून चोळायला सांगतात. सासूबाईंचे हेच दुखणे ऐंशीच्या दशकात पोट उघडून बरे केले होते, आणि त्यांच्या उजव्या बरगडीखाली वीतभर लांबीचा तिरका व्रण आहे. त्या म्हणतात, “एवढी मोठी चीर महिन्यात भरली माझी, तुझे एवढेसे भोक कसे भरत नाही? भात आणि वांगे बंद कर, हळद-तूप लाव.” त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, पण भाताने टाक्यांत पू होतो हे मनाला पटत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांनी पुढच्या महिन्यात तपासणीला बोलावले आहे. तोपर्यंत थांबावे का? केलॉइड इतक्या लवकर होतो का, आणि त्यातून पाणी येते का? बेंबीतला कडकपणा म्हणजे हर्निया तर नसेल? मी शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर उभे राहणे, वह्यांचे गठ्ठे उचलणे आणि स्कूटरने जाणे-येणे हे सर्व आता पूर्ववत करण्यास हरकत आहे का? मला मधुमेह नाही. थायरॉइडची गोळी सुरू आहे.

प्रतिसाद १

ताई, मी याच शस्त्रक्रियेतून गेलो आहे, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी अनुभवाने सांगू शकतो. पाझरणाऱ्या व्रणाबद्दल मात्र जाणकारांनीच बोलावे. टेबलावर बसून करायचे काम मी दुसऱ्या आठवड्यात सुरू केले होते. स्कूटर चालवण्याचा त्रास झाला नाही, त्रास झाला तो ती मधल्या स्टँडवर चढवण्याचा. पायाने स्टँड दाबून गाडी मागे ओढताना पोटाच्या स्नायूंना जो हिसका बसतो, तो बेंबीपाशी चांगलाच जाणवतो; म्हणून आणखी काही आठवडे बाजूचा स्टँडच वापरावा आणि खड्ड्यांच्या रस्त्याने वेग कमी ठेवावा. वह्यांचे गठ्ठे वर्गातल्या मुलांना आणायला सांगावेत, ती आनंदाने आणतात.

अंथरुणातून सरळ उठून न बसता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून रात्री पाण्यातून इसबगोल घेत असे, त्याचा उपयोग झाला. भात मी रोज खाल्ला आणि चारही जखमा भरल्या. पहिले काही महिने बटाटेवडा किंवा तत्सम तळलेले खाल्ले की तासाभरात शौचास धावावे लागे, ते पुढे आपोआप थांबले. आश्चर्य वाटले ते थकव्याचे. जखमा भरल्या तरी दुपारी गळून जायला होत असे, आणि ते कोणी आधी सांगितले नव्हते.

प्रतिसाद २

मी शल्यचिकित्सक आहे. न तपासता निदान करणे योग्य नाही आणि ते मी करत नाही, परंतु तुमच्या वर्णनातील क्रम माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. स्वच्छ भरलेला व्रण तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फुगतो, जांभळट होतो आणि मग पाझरू लागतो, असे घडले असेल तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात तुमच्या सर्जनांना दाखवा. आणि तोवर त्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका, तसेच दुकानातली ती ट्यूबही लावू नका, कारण अशा मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असतेच. मुळात संसर्ग असेल, तर स्टेरॉइडने तो दबल्यासारखा वाटतो आणि आत पसरतो.

केलॉइडची प्रवृत्ती तुम्हाला आहे हे खरे. पण केलॉइड सहसा काही महिन्यांनी उठतो, मूळ जखमेची हद्द ओलांडून बाजूच्या निरोगी त्वचेवर पसरतो आणि सामान्यतः पाझरत नाही. दीड-दोन महिन्यांत वर येणारा जाड व्रण बहुधा हायपरट्रॉफिक म्हणजे मूळ चिरेच्या हद्दीतच राहणारा असतो आणि बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षात आपोआप मऊ पडतो. तोही पाझरत नाही. म्हणजे कपड्यावरच्या डागाचे कारण वेगळे शोधावे लागेल. आतला न विरघळलेला टाका, पित्ताशय बाहेर काढताना त्या मार्गात राहून गेलेला खड्याचा कण आणि उशिरा डोके वर काढणारा संसर्ग, ही त्यांतली प्रमुख कारणे. पित्ताशय बरेचदा याच मधल्या छिद्रातून बाहेर काढतात, त्यामुळे चारपैकी नेमका हाच व्रण बिघडावा यात नवल नाही.

नेहमीच्या जंतूंचा संसर्ग पहिल्या आठवडा-दहा दिवसांत दिसतो. त्यात दुखते, लाली येते, पू होतो. महिन्यानंतर, फारसे न दुखता आणि तापाशिवाय येणाऱ्या संसर्गात आपल्या देशात एका वेगळ्या गटाचा विचार करावाच लागतो. क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पण क्षयरोग न करणारे हे मायकोबॅक्टेरिया पाण्यात आणि मातीत सर्वत्र असतात. नेहमीच्या प्रतिजैविकांच्या पाच-सात दिवसांच्या कोर्सला ते दाद देत नाहीत, म्हणून रुग्ण महिनोन्‌महिने ड्रेसिंग करत राहतात.

तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांच्या वेळी दुर्बिणीची सोयच नव्हती; भारतात पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुरू झाली ती १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्या हातून. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेची हत्यारे साध्या पोलादाची असतात आणि ती वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतात. दुर्बिणीची हत्यारे मात्र लांब, पोकळ, अनेक भागांची आणि विजेपासून संरक्षण देणाऱ्या आवरणाची असतात. त्यांतली बरीचशी, विशेषतः जुन्या बनावटीची, वाफेची उष्णता सोसत नाहीत, म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक रसायनाच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत पडली. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात वीसेक मिनिटे बुडवून बहुतेक जंतू मरतात; पूर्ण निर्जंतुकीकरणाला याच द्रावणात आठ ते दहा तास लागतात. सांध्यांत रक्ताचा कण अडकला असेल किंवा द्रावणातून काढलेले हत्यार साध्या पाण्याने धुतले असेल, तर हे चिवट जंतू टिकून राहतात. तुमच्या बाबतीत असेच घडले असे मी मुळीच म्हणत नाही. पण छिद्र लहान म्हणून धोका लहान, हा समज याबाबतीत खरा ठरत नाही, आणि त्यात भाताचा किंवा वांग्याचा काडीचाही संबंध नाही.

सर्जनांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पित्ताशयाचा पॅथॉलॉजीचा अहवाल न्या. तो कुणी वाचलाच नसेल तर आधी वाचून घ्या. व्रणावर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यापेक्षा आतल्या ऊतीचा छोटा तुकडा अधिक उपयोगी पडतो, आणि तो मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत ते जंतू वाढवून पाहण्यासाठी, पाठवत असल्याचे प्रयोगशाळेला स्पष्ट कळवावे लागते, नाही तर नेहमीचे कल्चर करून ‘जंतू वाढले नाहीत’ असा अहवाल येतो. नमुना घेण्याआधी कोणतेही प्रतिजैविक सुरू करू नका.

बेंबीतल्या कडकपणाबद्दल थोडक्यात सांगतो. दहा मिलिमीटरच्या छिद्राखालचे जाड आवरण आतून शिवतात, त्या टाक्याची गाठ आणि भरणारी ऊती काही महिने हाताला लागते. उभे राहून खोकताना तिथे फुगवटा येत असेल आणि आडवे झाल्यावर तो आत जात असेल, तरच हर्नियाची शंका घ्यावी. भरलेल्या जखमेला तीन आठवड्यांनी मूळ बळाच्या जेमतेम पाचवा हिस्सा बळ आलेले असते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. यापुढे ते फारसे वाढत नाही. जड उचलण्यावर बंधन असते ते याच कारणाने.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दुसऱ्याच दिवशी मी सर्जनांकडे गेले. त्यांनी त्या जागेची सोनोग्राफी करवून घेतली. त्वचेखालच्या चरबीत थोडा द्राव साचलेला होता, पण त्याचा पोटाच्या आत संबंध नव्हता. जागा बधिर करून त्यांनी व्रण उघडला आणि आतला तुकडा तपासणीला पाठवला. मी काही सांगण्याआधीच त्यांनी मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरचा उल्लेख फॉर्मवर लिहिला, याचे समाधान वाटले. पहिल्या तपासणीत त्या कुळातले जंतू दिसले असून क्षयाचा जंतू शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट तपासणीत तो आढळला नाही. पित्ताशयाच्या अहवालात जुनाट दाहापलीकडे काही नाही. बेंबीपाशी हर्निया नाही. कल्चरमध्ये कोणता जंतू वाढतो आणि तो कोणत्या औषधांना दाद देतो हे कळल्यावर उपचार पक्के होतील. तोपर्यंत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि आणखी एक औषध सुरू केले आहे. सासूबाई आता हळद-तूप सोडून मला गोळ्यांच्या वेळेची आठवण करून देतात.

अजून दोन शंका आहेत. माझ्यामुळे वर्गातल्या मुलांना हा संसर्ग होऊ शकतो का? आणि हा व्रण शेवटी कसा दिसेल, तसेच उरलेल्या तीन व्रणांवर केलॉइड होऊ नये म्हणून आतापासून काही करता येईल का?

प्रतिसाद ३ (शल्यचिकित्सक)

मुलांना धोका नाही. हे जंतू अशा जखमेतून माणसाकडून माणसाकडे जात नाहीत. जखम झाकलेली ठेवा, ड्रेसिंगनंतर हात धुवा आणि बरे वाटत असेल तर शाळेत जा. औषधे मात्र काही महिने घ्यावी लागतील, आणि जागा कोरडी झाली तरी ती मध्येच थांबवू नका. अॅमिकासिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने द्यावी लागली तर मूत्रपिंडाच्या आणि कानाच्या तपासण्या वेळोवेळी करून घ्या.

उघडलेला व्रण पहिल्यापेक्षा रुंद आणि गडद राहील, हे आताच मनाशी धरलेले बरे. उरलेल्या तिन्हींवर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करता येईल. पट्टी दिवसातून किमान बारा तास आणि दोन-तीन महिने नेमाने लावली तरच उपयोग होतो. पट्टी रोज काढून त्वचा धुवून कोरडी करा, नाही तर घामाने पुरळ येते. व्हिटॅमिन ई च्या तेलाने व्रण सुधारतो असे दिसून आलेले नाही आणि काहींच्या त्वचेला ते चक्क झोंबते. चौथ्या व्रणाला यांतले काहीही आता लावू नका. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, जागा बरेच आठवडे कोरडी राहिली आणि त्यानंतरही तो वाढतच असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना बीसीजीचा व्रण दाखवून आणि या संसर्गाची पूर्ण माहिती देऊन स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विचार तेव्हा करता येईल.