मदत हवी आहे: परिमेय संख्या वापरूनही बहुपदीचे सहगुणक भलतेच येतात

नमस्कार मंडळी,

दिलेल्या बिंदूंतून जाणारी बहुपदी तंतोतंत काढायची आहे, म्हणजे सहगुणक अपूर्णांकातच हवेत, दशांशात नकोत. पायथनमधला फ्रॅक्शन (अंश आणि छेद जसेच्या तसे ठेवणारा संख्येचा प्रकार) वापरून लाग्रांजचं सूत्र लिहिलं आहे. चाचणीसाठी बिंदू घेतले (०.१, ०.०१), (०.२, ०.०४), (०.३, ०.०९). उत्तर सरळ क्ष² यायला हवं. प्रत्यक्षात क्ष² चा सहगुणक १ च्या जवळपास येतो, पण अंश आणि छेद दोन्ही लांबलचक. क्ष चा सहगुणक आणि स्थिरपदही शून्य येत नाहीत. गंमत म्हणजे तिन्ही बिंदू उत्तरात परत घातले तर ते बरोबर जुळतात! मग चूक आहे कुठे?

शिवाय पुढे दोनेकशे बिंदू घ्यायचे आहेत आणि प्रोग्रॅम आत्ताच रेंगाळतोय.

प्रतिसाद १ (छेदभाजक)

सूत्र ठीक आहे, चूक त्याच्या आधीच झाली आहे. तुम्ही फ्रॅक्शनला ०.१ ही फ्लोट संख्या (संगणक द्विमान पद्धतीत, ठराविक अंकांपुरतीच साठवतो ती दशांश संख्या) दिली असणार. फ्लोटमध्ये ०.१ नेमका बसत नाही, त्यामुळे फ्रॅक्शन इमानदारीने जे मिळालं तेच ठेवतो: ३६०२८७९७०१८९६३९७/३६०२८७९७०१८९६३९६८. हा छेद म्हणजे २ चा ५५ वा घात. छेदात २ चे मोठे घात दिसले की कुठेतरी फ्लोट शिरलाय असा संशय घ्या.

बिंदू जुळतात, कारण तुमची बहुपदी त्या किंचित सरकलेल्या बिंदूंतून खरोखरच तंतोतंत जाते. म्हणून ही पडताळणी गणिताची चूक पकडते, इनपुटची पकडत नाही.

उपाय: अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून '०.१' द्या, १/१० मिळेल. फाइलमधून वाचताना मधे फ्लोटमध्ये रूपांतर करूच नका. दुसरी चोरवाट भागाकाराची. पायथन ३ मध्ये दोन पूर्णांकांचा साधा भागाकार फ्लोट देतो, आणि फ्रॅक्शन गुणिले फ्लोट याचं उत्तरही निमूटपणे फ्लोटच येतं, एरर येत नाही. तेव्हा क्ष आणि य दोन्ही सुरुवातीलाच फ्रॅक्शन करून घ्या.

फ्रॅक्शनचं लिमिट-डिनॉमिनेटर हे फंक्शन लावून आकडे 'सुंदर' करायचा मोह होईल. तो जवळचा लहान छेदाचा अपूर्णांक शोधतो, म्हणजे अंदाज करतो. मग तंतोतंतपणा राहिला कुठे?

धागाकर्ता

स्ट्रिंग दिल्यावर क्ष² आलं, बाकी दोन्ही सहगुणक शून्य. आभार! आता वेगाचं काय? प्रत्येक बिंदूसाठी सगळे कंस नव्याने गुणतो आहे.

प्रतिसाद २ (शून्यशेष)

तिथेच काम न³ च्या घरात जातं: न बिंदू, प्रत्येकासाठी साधारण न² गुणाकार. न्यूटनचे विभाजित फरक (य मधल्या फरकांना क्ष मधल्या फरकांनी भागत जाणं) वापरा, सगळं काम न² मध्ये आटोपतं. एकच यादी पुरते:

स = य ची प्रत
क = १ पासून न−१ पर्यंत:
  इ = न−१ पासून खाली क पर्यंत:
    स[इ] = (स[इ] − स[इ−१]) / (क्ष[इ] − क्ष[इ−क])

आतली फेरी उलटीच हवी. सुलटी चालवली तर स[इ−१] ची जुनी किंमत वापरायच्या आधीच पुसली जाते.

तपासायला क्ष = ०, १, २, ३, ४ आणि य = १, २, ४, ८, १६ घ्या. स मध्ये १, १, १/२, १/६, १/२४ यायला हवं. क = १ च्या फेरीनंतर स[२] मध्ये २ ऐवजी ३ दिसला तर फेरी सुलटी आहे.

मग नेहमीचे सहगुणक: स[न−१] पासून सुरू करा, इ = न−२ पासून ० पर्यंत दर वेळी आतापर्यंतच्या बहुपदीला (क्ष − क्ष[इ]) ने गुणून स[इ] मिळवा. वरच्या उदाहरणात (क्ष⁴ − २क्ष³ + ११क्ष² + १४क्ष + २४)/२४ येतं. क्ष = ५ ला ३१, ३२ नव्हे :)

फक्त किंमती काढायच्या असतील तर हा विस्तार करूच नका, न्यूटनच्या रूपातच, म्हणजे स आणि कंसांच्या गुणाकारांच्या रूपातच ठेवा.

दोन क्ष सारखे असतील तर शून्याने भागाकार होईल. आधीच तपासा: य सुद्धा सारखा असेल तर एक बिंदू गाळा, वेगळा असेल तर अशी बहुपदीच नाही. शेवटी वरच्या घातांचे शून्य सहगुणक काढून टाका. इथे 'शून्याच्या जवळ' असली तुलना नको, थेट शून्याशी बरोबरी तपासायची.

प्रतिसाद १ (छेदभाजक)

पुरवणी. फ्रॅक्शनचा खरा खर्च दर क्रियेला निघणाऱ्या मसाविचा. क्ष समान अंतरावर असतील तर य ना त्यांच्या छेदांच्या लसाविने गुणून पूर्णांक करा आणि साधे फरक (शेजारच्या किंमतींची वजाबाकी, मग त्या फरकांचीही, असं पुढे) घ्या. ते पूर्णांकच राहतात. शेवटी क व्या फरकाला क! × (अंतर)^क आणि तो लसावि यांनी एकदाच भागा.

धागाकर्ता

हेच सी प्लस प्लसमध्ये लाँग लाँगचा (चौसष्ट बिटांच्या पूर्णांकाचा) अंश-छेद घेऊन केलं तर?

प्रतिसाद २ (शून्यशेष)

नको. २०! चौसष्ट बिटांत बसतं, २१! बसत नाही. म्हणजे ०, १, २… असे साधे क्ष घेतले तरी २२ बिंदूंना छेद २१! पर्यंत जाऊ शकतो, आणि तेव्हा एरर न येता आकडे बिघडतात. मधल्या गुणाकारांत तर त्याच्या बरंच आधी. जीएमपी या कितीही मोठ्या संख्या हाताळणाऱ्या लायब्ररीचा परिमेय प्रकार वापरा. त्याला '०.१' अशी दशांश स्ट्रिंग चालत नाही, '१/१०' द्यावी लागते. आणि '२/४' सारखी स्ट्रिंग वाचल्यावर कॅननिकलाइझ (अपूर्णांक संक्षिप्त रूपात आणणारं फंक्शन) हाताने बोलवा, ते आपोआप होत नाही. विसरलात तर २/४ आणि १/२ यांची तुलना 'वेगळे' असं सांगेल.

धागाकर्ता

बिंदू समान अंतरावरच आहेत, तेव्हा पायथनमध्येच साध्या फरकांनी करतो. १, २, ४, ८, १६ ची चाचणी पास झाली, ३१ आले.