फेब्रुवारीत लडाख, होमस्टेत नळाला पाणी नाही आणि संडास सुका आहे म्हणे, काय करावं?

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आई-बाबा, मी आणि नवरा लडाखला चाललोय. आधी लेहला थांबून हवेची सवय करून घ्यायची आणि मग लेहच्या पश्चिमेकडच्या शाम नावाच्या भागातल्या एका गावात होमस्टे असा बेत आहे. काल त्या होमस्टेवाल्यांशी फोनवर बोलले तर ते अगदी सहज म्हणाले की हिवाळ्यात नळ बंद, पाणी बादलीत मिळेल आणि संडास सुका आहे, आत पाणी ओतायचं नाही. तेव्हापासून आई टेन्शनमध्ये आहे, वय ६४ आणि त्यात गुडघे दुखतात. तर ते पाणी प्यायला चालेल का? की सरळ लेहमध्येच फ्लशवालं हॉटेल घेऊन तिथून गावं फिरावीत? आणि इतक्या योजना झाल्यावरही तिथले लोक हिवाळ्यात बादल्यांनी पाणी का आणतात, हे सारखं डोक्यात येतंय, कोणाला माहीत असेल तर सांगा.

माती_पाणी
कामानिमित्त लेहमध्ये हिवाळे काढलेत म्हणून सांगते, होमस्टे रद्द करू नका.

नळाचं असं आहे की लेह साधारण ३,५०० मीटरवर, जानेवारीत रात्री पारा उणे २० च्या आसपास जातो. पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं आणि पाईप फुटतो. म्हणजे लाईन जमीन गोठते त्याच्याही खाली पुरायला हवी, जमीन सगळी दगडगोट्यांची, आणि खोदायला मिळतात ते उन्हाळ्याचेच महिने. एवढं करूनही शेवटचे काही फूट, जिथे पाईप जमिनीतून वर येऊन घरात शिरतो, तिथेच गोठतं. त्यामुळे बरेच जण थंडी सुरू झाली की स्वतःच लाईन रिकामी करून ठेवतात आणि हातपंपावरून नाहीतर न गोठणाऱ्या झऱ्यावरून पाणी आणतात. आणतात कोण, तर बहुतेक घरांत बायकाच.

आता संडास. घराच्या वरच्या मजल्यावर छोटी खोली, मातीची जमीन, मधे भोक, कोपऱ्यात माती आणि चुलीतल्या राखेचा ढीग आणि त्यात खोचलेलं फावडं. आपलं झालं की एक-दोन फावडी माती भोकातून खाली लोटायची, संपलं. खाली बंद खोली असते, तिला बाहेरून दार, पेरणीच्या आधी ते सगळं उपसून जवाच्या शेतात जातं. पाणीच नाही त्यामुळे गोठायला काही नाही, आणि थंडीत वास जवळजवळ येत नाही.

फ्लशचं म्हणाल तर फेब्रुवारीत लेहची बरीच हॉटेलं बंदच असतात आणि उघडी असतात तिथेही अनेकदा बादलीच मिळते. पण मला खरं दुःख त्याचं नाही. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती होती ३० हजारांच्या घरात, आणि २०२२ मध्ये लडाखला आलेले पर्यटक पाच लाखांच्या वर. एका फ्लशला सहा-दहा लिटर जातात, ते बोअरमधून उपसायचे, मग सेप्टिक टँक नाहीतर शोषखड्ड्यात सोडायचे, थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं त्यामुळे घाण नीट कुजत नाही, आणि रेताड जमिनीतून ते झिरपतं पुन्हा त्याच भूजलात. तिथले लोक तेच पितात हो. २०१७ ला मैला-गाळ शुद्धीकरण केंद्र झालं, सांडपाण्याच्या लाईनी टाकल्या जातायत, तरी हॉटेलं ज्या वेगाने वाढली त्या मानाने कमीच.

माजी_फौजी_सातारा
ताई, पाणी उकळूनच प्या. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं पण जंतू मरायला तेवढं पुरतं, फक्त उकळी फुटल्यावर तीन मिनिटं राहू द्या. क्लोरीनच्या गोळ्या नेणार असाल तर थंड पाण्यात त्यांना जास्त वेळ लागतो, घाईत पिऊ नका. आणि ते नळीवाले फिल्टर रात्री गोठले की आतली जाळी तडकते, वरून कळतसुद्धा नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. आमच्या पोस्टवर बर्फ वितळवूनच पाणी करायचो, भांडंभर बर्फाचं पाणी व्हायचं इतकंसं आणि रॉकेल जायचं ढीगभर, त्यामुळे होमस्टेत गरम पाणी मागताना जरा विचार करा, तिथे सरपणही लांबून येतं.

अजून एक, रेल्वेच्या डब्यात आता जे बायो-टॉयलेट दिसतं ना ते तंत्र डीआरडीओने मुळात सियाचिनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी केलेलं, थंडीत तग धरणारे जिवाणू वापरून.

रांगडा_गडी
सगळं पटलं पण एक बोलतो, राग मानू नका. आपण चार दिवस जाऊन सुका संडास किती भारी म्हणायचं आणि तिथल्या बाईने उणे वीसमध्ये जन्मभर बादल्या वाहायच्या, हे काही बरोबर नाही. त्यांनाही घरात नळ हवा असणारच की. आणि आइस स्तूप, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून उभारलेले बर्फाचे उंच ढीग, आहेत ना आता, मग पाण्याची अडचण का?

माती_पाणी
राग कसला, नळाबद्दल अगदी खरं बोललात. नळ हवाच, आणि बाराही महिने वाहणारा हवा. त्यासाठी खोल लाईन, पाईपला उष्णतारोधक आवरण, टाकी शक्यतो जमिनीखाली आणि दुरुस्तीला गावातलाच शिकलेला माणूस, एवढं लागतं, खर्च मैदानी गावापेक्षा कितीतरी जास्त येतो, तो सरकारने करावाच. पण घरात नळ आला म्हणजे फ्लशही आलाच पाहिजे असं नाही. हात धुवायला, स्वयंपाकाला, बाळाला आंघोळ घालायला पाणी आणि संडास सुकाच, हे दोन्ही एका घरात छान नांदतं. अडचण अशी की नवीन घरं सिमेंटची, गुरं नाहीत, शेत नाही, मग माती आणायची कुठून आणि खत न्यायचं कुठे. खेड्यात हे चालतं, लेहमध्ये मोडतंय ते इथेच.

आइस स्तूप आणि लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल यांच्या कृत्रिम हिमनद्या या एप्रिल-मेच्या पेरणीच्या पाण्यासाठी, पिण्याच्या नळाशी त्यांचा थेट संबंध नाही.

इंद्रायणीकाठ
खूप आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं, बरीच शांत झाली. होमस्टे पक्का. फक्त उकिडवं बसणं तिला खरंच जमत नाही, त्याचं काय करू?

भटकी_मावशी
माझेही गुडघे असेच. घडीची कमोड खुर्ची मिळते, खालचं भांडं काढता येणारी, ती भोकावर बरोबर बसते. मालकांना आधी फोन करून भोकाची लांबी-रुंदी विचारून घ्या, आणि काही घरांत लाकडी बैठक असते तीही विचारा. धुवायला पाणी थोडंच घ्या, जमलं तर आधी कागद वापरा. आणि पॅड, वाइप्स, प्लास्टिक काही म्हणजे काही खाली टाकू नका, पिशवीत बांधून लेहला परत आणा, कारण ते खत माणसं हाताने उपसतात आणि शेतात पसरतात.