शब्दचर्चा : मधुमेहातील पायाची जखम, ‘दाह’ आणि ‘मारक-तारक’ पेशी

प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी नाशिकला वैद्यकीय मजकुराच्या भाषांतराचे काम करते. मधुमेहात पायाची जखम का चिघळते आणि ती भरून येण्यात प्रतिकारपेशींचा वाटा कोणता, यावरचे अलीकडचे संशोधन रुग्णांच्या घरच्यांसाठी एका छोट्या पुस्तिकेत मांडायचे आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणाऱ्यांत मधुमेही माणसेही असतात. तळपाय बधिर झालेला असला की फोड आल्याचे कळत नाही आणि घरी आल्यावर मोज्याला लागलेला ओलसर डाग पाहूनच जखम लक्षात येते. पुस्तिका अशा घरांसाठी आहे. ‘इन्फ्लमेशन’साठी दाह, शोथ की सूज, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, ‘मॅक्रोफेज’ या पेशींच्या ‘एम१’ आणि ‘एम२’ या प्रकारांना मसुद्यात ‘मारक’ आणि ‘तारक’ म्हटले आहे, ते योग्य होईल का?

उत्तर

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तिथे शब्द चुकला तर अर्थच उलटा होईल. जखम झाल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात आणि जंतूंशी लढतात; त्यांच्यामागून महाभक्षी पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, येतात. या पेशी आधी जंतू आणि मेलेला ऊतक गिळून जखम साफ करतात आणि मग आपले काम बदलून नव्या रक्तवाहिन्या व नवे मांस तयार होण्यास मदत करतात. पहिल्या अवस्थेला एम१ आणि दुसरीला एम२ म्हणण्याची पद्धत २००० सालापासून रूढ झाली, पण या दोन टोकांच्या मध्ये अनेक छटा असतात, हे आता सर्वमान्य आहे. मधुमेहात बिघडते ते हे स्थित्यंतर : साफसफाईचा टप्पा लांबत जातो आणि भरणीचा टप्पा सुरूच होत नाही. एम१ला ‘मारक’ म्हटले, तर या पेशी मारून टाकणारे औषध हवे, असाच समज वाचकाचा होईल, आणि त्या नसतील तर जंतूंचे फावेल.

याला दुजोरा देणारी एक गोष्ट पुस्तिकेत अवश्य घ्यावी. एकेका पेशीतील जनुकांची हालचाल वाचण्याच्या तंत्राने पायाच्या जखमांचा अभ्यास करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यांच्या जखमा पुढे भरून आल्या त्यांच्यात एम१ धाटणीच्या पेशींचे प्रमाण अधिक आढळले. म्हणूनच संशोधनाचा रोख आता ‘दाह दाबून टाका’ यावरून ‘दाह वेळेवर सुरू होऊ द्या आणि वेळेवर शमवा’ याकडे वळतो आहे, आणि माझ्या मते पुस्तिकेचा गाभा हाच असावा.

मी ‘शोधक अवस्था’ आणि ‘रोपक अवस्था’ असे सुचवेन. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या, म्हणजे जखमेच्या, साठ उपक्रमांत (उपचारांत) शोधन आणि रोपण हे दोन्ही येतात. आधी जखम शुद्ध करायची, मग ती भरून आणायची, हा क्रम या शब्दांत आयताच आहे.

‘इन्फ्लमेशन’साठी ‘दाह’ ठेवावा. सूज हे त्याचे केवळ एक लक्षण आहे आणि ‘शोथ’ घरात कोणी बोलत नाही. मात्र ‘दाह’ म्हटले की आग होणे डोळ्यांसमोर येते आणि बधिर पायाला तर काहीच जाणवत नाही; त्यामुळे पहिल्याच उल्लेखात ‘लाली, ऊब आणि सूज आणणारी शरीराची प्रतिक्रिया; बधिर पायात ती वेदनेशिवायही असू शकते’ असे स्पष्ट करावे.

आणखी एक मत

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटते, पण ‘रोपक’ शब्दावरून आमच्याकडच्या शेतकऱ्याला रोपवाटिकाच आठवेल. ‘सफाईची अवस्था’ आणि ‘भरणीची अवस्था’ म्हटल्यास काय हरकत आहे? ‘जखम भरली’, ‘खपली धरली’, ‘मांस भरून आले’ हे शब्द घरोघरी आहेत. ‘प्रतिकारपेशी’लाही पहिल्या पानावर ‘पांढऱ्या पेशी’ची जोड द्यावी, कारण डेंग्यूच्या साथींनी तो शब्द घराघरांत नेला आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. ‘सफाई’ आणि ‘भरणी’ मजकुरात घेते, ‘शोधक’ आणि ‘रोपक’ शेवटच्या शब्दसूचीत देते. आता एकच शंका उरते. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकून जंतूंना अडकवतात, हे २००४ साली दाखवले गेले, आणि मधुमेहात हे धागे प्रमाणाबाहेर सुटून जखम भरण्यात अडथळा आणतात, असे २०१५ मध्ये पुढे आले. याला ‘सापळा’ म्हणावे की ‘जाळे’?

उत्तर

‘जाळे’. सापळा जंतू अडकेपर्यंतच डोळ्यांसमोर राहतो. जाळे मात्र जखमेत पसरून राहते आणि नव्या कातडीच्या पेशींच्या वाटेत येते, हेही त्याच शब्दात सांगता येते. न्यूट्रोफिलचे मात्र भाषांतर करू नये. रक्ततपासणीच्या कागदावर तोच शब्द छापलेला असतो आणि घरच्यांना तो तिथे ओळखता आला पाहिजे.